बीएलडीसी पंखा वर्षभर वापरल्यावर: वीज वाचली, पण बोर्डाचं काय?

वळवाच्या पहिल्याच पावसात लाइट गेली, आली, आणि हॉलमधला बीएलडीसी पंखा (म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा) बंद तो बंदच. रिमोटचे सेल बदलले, एमसीबी खाली-वर केला, काही उपयोग नाही. कंपनीचा माणूस आला, म्हणाला, "मोटर ठणठणीत आहे, बोर्ड गेलाय. स्टॉकला नाही." बोर्ड म्हणजे पंख्याच्या आतलं, मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. ऐन मे महिन्यात! वॉरंटीतल्या पंख्याचा बोर्ड जिल्ह्याच्या गावातसुद्धा मिळू नये? साध्या पंख्याचा कंडेन्सर गेला तर कोपऱ्यावरचा वायरमन किरकोळ पैशांत लगेच बदलून देतो. इथे फोन करून करून जीव मेटाकुटीला आला. तेव्हा ठरवलं होतं की लोकांना सांगायचं, हा पंखा घेऊच नका.

मग माळ्यावरचा जुना पंखा लावला आणि मत बदललं.

आमच्या मीटरवर लिहिलंय की लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. एका दुपारी फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, वायफाय सगळं बंद करून फक्त जुना पंखा फुल्ल ठेवला आणि मोबाइल घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. दर १५ सेकंदांनी दिवा लागत होता, म्हणजे ७५ वॅट. अखेर बोर्ड आला, तेव्हा तेच पुन्हा केलं. या वेळी एका लुकलुकीला जवळजवळ ३८ सेकंद, म्हणजे ३० वॅटच्या आसपास. वारा तेवढाच!

४५ वॅटचा फरक, दिवसाला १५ तास धरले तर महिन्याला २० युनिटं. महावितरणच्या बिलात १०० च्या पुढच्या युनिटांना वरचा दर लागतो. आमचं बिल १०० च्या बरंच वर असतं, त्यामुळे ही वाचलेली वीस युनिटं महागातली. लाइट गेली की इन्व्हर्टरची बॅटरीही जास्त वेळ पुरते.

घेणाऱ्यांनी स्टार लेबलवरची सर्व्हिस व्हॅल्यू बघा, म्हणजे एका वॅटमागे वारा किती ते कळतं. २०२३ पासून सीलिंग फॅनला हे लेबल सक्तीचं आहे. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र लाइनमधून काढून घ्या.

बेडरूमलाही हाच प्रकार घेणार आहे, पण दुकानदाराने त्या मॉडेलचा बोर्ड काउंटरवर काढून दाखवला तरच.