पायइन्स्टॉलर बरेच महिने वापरल्यावर: एक्झी बनते लगेच, चालते कधी ते बघा

पायथॉनच्या स्क्रिप्टची एक्झी (डबल क्लिकने चालणारी विंडोजची प्रोग्राम फाइल) करायची म्हटलं की जो तो पायइन्स्टॉलर हे टूलच सुचवतो. मीही बरेच महिने तोच वापरतेय, आणि आधीच सांगते, बिल्ड सक्सेसफुल आलं म्हणून खूश व्हायचं काही कारण नसतं. डबल क्लिक केल्यावर काळी विंडो क्षणभर चमकते आणि गायब, एरर वाचायलाही मिळत नाही. म्हणून एक्झी कायम कमांड प्रॉम्प्टमधून चालवायची, मग पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याचा माग) समोर राहतो. आणि ती डिस्ट, म्हणजे तयार माल पडतो त्या फोल्डरमधलीच घ्यायची. मधल्या कामाच्या बिल्ड फोल्डरमध्येही त्याच नावाची एक पडलेली असू शकते, ती चालवली की पायथॉनची डीएलएल (चालायला लागणारी लायब्ररी फाइल) लोड होत नाही म्हणून रडते आणि लोक उगाच पायथॉन परत इन्स्टॉल करत बसतात.

सगळ्यात जास्त डोकं खातात ते न सापडणारे मॉड्यूल. माझं एक टूल पांडाज या डेटा-लायब्ररीने एक्सेल फाइल वाचतं, एडिटरमध्ये एकदम झकास चालायचं, एक्झीत मात्र ओपनपायएक्सेल (एक्सेल फाइली उघडणारं मॉड्यूल) नाही, पिप (पायथॉनचा पॅकेज इन्स्टॉलर) वापरून इन्स्टॉल करा असा मेसेज. आता पिपने तर ते आधीच टाकलेलं होतं, शंभर वेळा टाकलं तरी मेसेज तोच येणार! भानगड अशी की पायइन्स्टॉलर तुमचा प्रोग्राम चालवून बघत नाही, कोडमधले इम्पोर्ट वाचतो आणि त्यावरून काय काय सोबत घ्यायचं ते ठरवतो, आणि पांडाज ओपनपायएक्सेलला गरज पडेल तेव्हाच नावाने बोलावतं, मग याला ते दिसणार कुठून. पायइन्स्टॉलरच्या हिडन इम्पोर्ट या ऑप्शनमध्ये नाव द्या किंवा सरळ स्क्रिप्टच्या वरती एक इम्पोर्टची ओळ टाका, विषय संपला. बिल्ड फोल्डरमध्ये वॉर्नने सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल बनते, तिच्यात न सापडलेल्या मॉड्यूलची यादी असते. विंडोजवर त्यात पॉझिक्स, पीडब्ल्यूडी असली नावं दिसली तर घाबरू नका, ती लिनक्सवाली आहेत, तुम्हाला लागतच नाहीत.

दुसरा त्रास आयकॉन, कॉन्फिग वगैरे फाइलींचा. वनफाइल (सगळं एकाच एक्झीत) मोडमध्ये एक्झी दर वेळी स्वतःला एका टेम्प फोल्डरमध्ये उलगडते (म्हणून तर सुरू व्हायला वेळ लावते) आणि बंद झाली की तो फोल्डर उडवते. त्यामुळे ॲड-डेटा या ऑप्शनने सोबत दिलेल्या फाइलींचा पाथ सिस मॉड्यूलच्या मेईपासवरून (त्यात त्या टेम्प फोल्डरचा पत्ता असतो) काढावा लागतो, आणि युजरची सेटिंग तिथे सेव्ह केली तर पुढच्या वेळी ती गायब असणार हे नक्की. वनडिर (एक्झी आणि तिच्या फाइली एका फोल्डरमध्ये) मोडमध्ये ही कटकट कमी, पण 2023 मध्ये आलेल्या पायइन्स्टॉलर 6.0 पासून बाकी सगळा पसारा इंटर्नल नावाच्या फोल्डरमध्ये जातो, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून फाइली एक्झीच्या शेजारी शोधत बसू नका.

कन्सोल बंद करून बनवलेल्या एक्झीत स्टँडर्ड आउटपुट (प्रिंट जिथे छापतो ती जागा) नन, म्हणजे काहीच नसतो. साधा प्रिंट गप्प बसतो, पण प्रोग्रेस बार दाखवणारी एखादी लायब्ररी थेट राइट करायला गेली की नन-टाइपला राइट नाही म्हणून सगळं कोसळतं. सुरुवातीला आउटपुट लॉग फाइलकडे वळवून टाका. आणि मल्टिप्रोसेसिंग (एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवणं) असेल तर मेनमध्ये पहिल्याच ओळीला फ्रीझ सपोर्ट या फंक्शनचा कॉल हवाच, नाहीतर विंडोजवर एक्झी स्वतःलाच पुन्हा पुन्हा उघडत सुटते. मी टास्क मॅनेजरमध्ये हे बघितलंय, मजा नाही येत.

अँटिव्हायरसचं मात्र खरंच वैतागवाणं आहे. पायइन्स्टॉलरचा तोच रेडीमेड बूटलोडर (एक्झी सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) व्हायरसवालेही वापरतात, मग आपली साधी सरळ एक्झीसुद्धा संशयित ठरते. यूपीएक्स (फाइल दाबून लहान करणारं टूल) बंद ठेवलं आणि वनडिर केलं की ओरड बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. बूटलोडर स्वतः कंपाइल करणं किंवा एक्झीवर डिजिटल सही करणं हे पुढचे उपाय.

साइज फुगत असेल तर वेगळ्या व्हेन्वमध्ये (एका प्रोजेक्टपुरतं स्वतंत्र पायथॉन) फक्त लागतील तेवढीच पॅकेजेस टाकून बिल्ड करा, फरक लगेच दिसतो. नुइट्का हे असंच दुसरं टूलही वापरून पाहिलं, ते कोड सी भाषेत नेऊन कंपाइल करतं, पण बिल्डला इतका वेळ खातं की छोट्या टूलसाठी मी परत इकडेच आले. वनफाइलचा हट्ट सोडलात तर पायइन्स्टॉलर खुशाल वापरा. फक्त लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी मिळेल ही आशा धरू नका, ज्या सिस्टिमसाठी हवी तिथेच बिल्ड करावी लागते.