काउंटरवरचा फायरफॉक्स : बाकी ठीक, पण ते रीस्टार्टचं पान!

ब्राउझरवर लिहिणारी मंडळी बहुतेक घरी एकटी बसून स्वतःचा लॅपटॉप वापरणारी असतात. माझी गोष्ट वेगळी आहे. सिन्नरला तहसील कचेरीजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, अधूनमधून कोणाचं पीएफ. दोन मशिनं. एकावर मी, दुसऱ्यावर गिऱ्हाईक स्वतः लॉगिन करतं. त्या दुसऱ्या मशीनवर मोझिलाचा फायरफॉक्स ब्राउझर लावून आता बरेच महिने झाले, त्याचा हा अनुभव. जाहिरात कंपन्यांना माझ्याबद्दल काय कळतं याची काळजी मी फावल्या वेळात करतो. दुकान उघडं असताना काळजी एकच: खुर्चीवरचा माणूस उठला की त्याचं काय काय मागे राहतं?

बदल करायला कारण घडलं ते असं. एक कॉलेजची मुलगी अर्ज भरायला बसली. तेव्हा दुसरा ब्राउझर होता, त्याचं नाव घेत नाही. मोबाइल नंबरच्या चौकटीत तिनं नुसता ९ दाबला आणि खाली नंबरांची माळ उलगडली. सगळे तिच्या आधी बसून गेलेल्यांचे. पुढच्या चौकटीत बँक खात्यांचे आकडे, तेही तसेच ओळीनं. तिनं माझ्याकडे बघितलं. "दादा, उद्या माझा पण असाच दिसणार का?" मी इतिहास रोज पुसायचो, पण फॉर्मची आठवण त्या पुसण्यात येत नव्हती, तिची टिक करायची खूण वेगळी होती. ब्राउझर बनवणारे एका कॉम्प्युटरला एकच माणूस धरून चालतात. त्यांच्या लेखी ही सोय आहे.

मशीनही म्हातारं झालं होतं. चौथ्या पिढीचा आय-३, रॅम ८ जीबी. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे आधीपासून जाहीर होतं आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. धडधाकट मशीन भंगारात घालून वर तीस-पस्तीस हजार घालवायला मन होईना. म्हणून मुदतीच्या बरंच आधी, ओळखीतल्या एका पोराला ६०० रुपये दिले आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून घेतली. मिंटमध्ये फायरफॉक्स आयताच येतो. म्हणजे खरं तर मी ब्राउझर निवडलाच नाही, तो फुकटात मशीनबरोबर आला. निवड नंतर झाली, टिकवायचा की काढायचा अशी.

सेटिंगमध्ये पहिल्या दिवशी केलेल्या गोष्टी: पासवर्ड जपून ठेवू का हे विचारणं बंद, फॉर्म आणि शोधाची आठवण बंद, ब्राउझर मिटला की कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साइट ज्या नोंदी ठेवते त्या) आणि साइटचा डेटा साफ, आणि नोटिफिकेशनची परवानगी मागणाऱ्या साइटना सरसकट नकार. ही शेवटची खूण लहान दिसते, पण ज्यानं काउंटर चालवलाय त्याला विचारा. कोणीतरी घाईत 'अलाऊ' दाबून जातं आणि मग दिवसभर कोपऱ्यात 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस' असे खोटे इशारे टपकत राहतात. इतर ब्राउझरमध्येही ही सोय असते.

मला फायरफॉक्सची आवडलेली गोष्ट म्हणजे हे सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतं. पॉलिसीज डॉट जेसन नावाची साधी मजकुराची फाइल. मोठ्या कंपन्यांसाठी आहे, पण माझ्यासारख्या दोन मशिनांच्या मालकाला वापरायला कोणी अडवत नाही. त्यात फॉर्मची आठवण बंद, पासवर्ड जपणं बंद, मिटताना सफाई, असं एकदा लिहिलं की गिऱ्हाईकाला ते सेटिंगमधून बदलता येत नाही. शाळेतली पोरं हौसेनं सगळी बटणं दाबून बघतात, त्यांच्यावर हा उतारा.

आता त्या पानाकडे येतो, ज्याच्यामुळे मी हे सगळं काढून टाकायला निघालो होतो.

मिंटवर फायरफॉक्सचे अपडेट मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून येतात. ब्राउझर चालू असताना मागच्या मागे अपडेट झालं तर उघड्या टॅबना काही होत नाही. पण नवीन टॅब उघडायला गेलं की साइटऐवजी एक पान यायचं: अपडेट झालंय, पुढे जायचं तर रीस्टार्ट करा. खाली आश्वासन, तुमचे टॅब परत आणून देऊ. सामान्य टॅब येतातही. प्रायव्हेट विंडोतले येत नाहीत, कारण ते कुठे लिहूनच ठेवलेले नसतात, आणि तेच बरोबर आहे. आता माझ्याकडचा क्रम बघा. गिऱ्हाईक प्रायव्हेट विंडोत, म्हणजे मिटली की इतिहास आणि लॉगिन मागे न ठेवणाऱ्या खिडकीत. तीन पानांचा फॉर्म भरून झाला, फोटो ठरलेल्या केबीत बसवून चढवला, ओटीपी टाकला, 'पैसे भरा' दाबलं. पोर्टल पैशाचं पान नव्या टॅबमध्ये उघडतं. आणि तिथे बँकेऐवजी हे पान! दारात जूनची रांग, समोर एक काकी, आणि मी त्यांना सांगतोय की परत पहिल्यापासून भरू. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं की हा दोनदा पैसे घेणार.

मशीन लावून दिलेल्या पोरानं अपडेट आपोआप होण्यावर ठेवले होते, न विचारता. फोनवर म्हणतो, "भाऊ, सिक्युरिटीसाठी चांगलं असतं." म्हटलं, तुझी सिक्युरिटी रात्री आठनंतर होऊ दे की. यायला तयार, पण परत २०० रुपये. मी अपडेट मॅनेजर उघडलं, आपोआपची खूण काढली, काम झालं. २०० वाचले.

रागात मी अपडेटच बंद ठेवायचं ठरवलं होतं. ते केलं नाही, त्याचं कारण एक जुनी बातमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीनं फायरफॉक्सच्या सुरक्षेतलं एक भोक मोझिलाला कळवलं. नुसतं पान उघडलं की हल्लेखोराचा कोड ब्राउझरच्या आत चालायचा, काही क्लिक करायचीही गरज नाही. रशियाशी जोडल्या गेलेल्या रॉमकॉम टोळीनं विंडोजमधल्या आणखी एका भोकाशी ते जोडून प्रत्यक्ष वापरलंही होतं. कळवल्यापासून साधारण २५ तासांत मोझिलानं १३१.०.२ ही दुरुस्त आवृत्ती बाहेर काढली. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या एका लायब्ररीत (अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये) भोक निघालं, तेव्हा क्रोम, फायरफॉक्स आणि इतर सगळेच धावले, कारण लायब्ररी सगळ्यांची एकच. तिकडे माणसं २५ तासांत दुरुस्ती करणार आणि मी इकडे रांग मोडते म्हणून महिनाभर ती लावणार नाही, हे काही बरं दिसत नाही. म्हणून रोज शटर ओढायच्या आधी अपडेट, मग बंद. चहाचा कप धुऊन होईपर्यंत होतं.

आणि मग जुलै २०२५ मध्ये १४१ वी आवृत्ती आली. तिच्या नोंदीत एक ओळ: लिनक्सवर पॅकेज मॅनेजरनं अपडेट केल्यावर आता सक्तीनं रीस्टार्ट करावं लागणार नाही. ॲडमिशनचा सीझन संपत आल्यावर, अर्थात. मी मुद्दाम दुपारी, ब्राउझर चालू ठेवून अपडेट करून बघितलं. नवीन टॅब गुपचूप उघडला. इतके दिवस डोकं खाणारी गोष्ट अशी एका ओळीत मिटली की आनंदापेक्षा चिडच जास्त झाली. रात्रीचं अपडेट मात्र मी चालूच ठेवलंय.

आता जाहिराती. युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायची पुरवणी) टाकलेलं आहे, आणि ते डोळ्यांच्या आरामासाठी नाही. एखादा दाखला सर्च करा, वरती 'प्रायोजित' म्हणून सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट येतात, आणि तिथे लोक फुकटच्या कामाचे पैसे भरून बसतात, वर आधारची झेरॉक्सही चढवतात. युब्लॉक त्या ओळीच दिसू देत नाही. क्रोममध्ये हे पूर्ण ताकदीचं युब्लॉक आता चालत नाही. गूगलनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले, २०२४ च्या ऑक्टोबरपासून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद पडत गेली, आणि १३९ व्या आवृत्तीत उरलीसुरली वाटही संपली. क्रोमवाल्यांसाठी युब्लॉक ओरिजिन लाइट आहे. मूळ युब्लॉकवाल्यानंच केलेलं, बरं आहे, पण नावाप्रमाणे हलकं. फायरफॉक्सनं जुनी पद्धत ठेवली. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

अनपेक्षित खूश केलं ते एका बटणानं. टूलबार सजवायच्या यादीत 'फर्गेट' नावाचं बटण पडलेलं असतं, वर आणून ठेवावं लागतं. दाबलं की विचारतं: पाच मिनिटं, दोन तास की चोवीस तास? तेवढ्या काळातला इतिहास आणि कुकीज जातात, सगळ्या खिडक्या मिटतात, एक कोरी उघडते. प्रायव्हेट विंडो उघडायला विसरलेल्या गिऱ्हाईकासाठी हे रामबाण. पीएफ बघायला येणारे एक निवृत्त मास्तर आता उठताना स्वतःच सांगतात, "ते विसरायचं दाब." अट एकच, माझं स्वतःचं लॉगिन त्या मशीनवर उघडं असेल तर तेही जातं. म्हणून माझं काम माझ्या मशीनवर.

हे बटण डाउनलोड केलेल्या फाइलींना हात लावत नाही. आमच्या धंद्यात खरी माहिती तिथेच असते: आधारची पीडीएफ, पासबुकाचा फोटो, सही. कुकीज घासूनपुसून साफ आणि डाउनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या तालुक्याची आधार कार्डं, अशी केंद्रं मी बघितली आहेत. मी डाउनलोडची जागाच बदलून टेम्प फोल्डरवर नेली. मिंट सुरू होताना ते फोल्डर रिकामं करतं. प्रायव्हेट विंडोतली फाइल ठेवायची की सत्र संपल्यावर पुसायची, हे अलीकडे फायरफॉक्स स्वतः विचारायला लागलाय. चांगलं आहे, पण घाईत गिऱ्हाईक काय दाबेल याचा भरवसा नाही. टेम्पच बरं.

प्रायव्हेट विंडो म्हणजे अदृश्य होणं नव्हे, हेही गिऱ्हाईकांना सांगावं लागतं. साइटला आणि इंटरनेट देणाऱ्याला तुम्ही दिसताच. क्रोमच्या इन्कॉग्निटोवरून, म्हणजे त्यांच्या प्रायव्हेट विंडोवरून, अमेरिकेत २०२० साली खटला झाला, आणि २०२४ मध्ये गूगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. लोकांना त्याचे पैसे काही मिळाले नाहीत.

मोझिला संत आहे अशातला भाग नाही. जुलै २०२४ ला १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक सोय आली, तीही आधीच चालू ठेवून. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटी आल्या, त्यातली भाषा अशी की तुम्ही टाइप केलेल्या मजकुराचे हक्क त्यांना दिल्यासारखं वाटावं. आरडाओरडा झाला, काही दिवसांत शब्द बदलले. 'तुमचा डेटा कधीच विकणार नाही' हे जुनं ठणठणीत वाक्य मात्र गेलं ते गेलं. आणि कमाईचा मोठा वाटा येतो तो गूगलकडून, सर्च आपोआप तिथे जावा म्हणून. नव्या टॅबवरचे प्रायोजित चौकोन आणि ती मोजणीची खूण मी दोन्ही काढली. एवढं करावं लागणं हेच मला खटकतं.

बाकीचे ब्राउझर: ब्रेव्ह थोडे दिवस वापरला, वेग छान, पण क्रिप्टोचा पसारा काउंटरवर नको. लिब्रेवुल्फ, म्हणजे फायरफॉक्सचाच जास्त कडक अवतार, घरी ठीक. टॉरवरून, म्हणजे ओळख लपवणाऱ्या ब्राउझरवरून, सरकारी पोर्टल उघडायचा नाद सोडा.

एक पोर्टल अजून फायरफॉक्सवर सही चढवताना गोल गोल फिरत बसतं, तिथल्या मदत क्रमांकावर "क्रोम वापरा" एवढंच उत्तर मिळतं. तेवढ्यासाठी क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच भाऊ, टाकून ठेवलंय, त्याचं चिन्ह डेस्कटॉपवरून काढून. माझं स्वतःचं मशीन डिजिटल सहीच्या टोकनमुळे (मशीनला लावायची सहीची किल्ली) अजून विंडोजवरच आहे. त्याचा ड्रायव्हर मिंटवर चालवून दाखवायचे तो पोरगा ८०० मागतोय. मी ४०० वर अडून बसलोय.