सॉफ्टबॉलमध्ये टॅग करताना बेस पायांत घ्यावा की मागे ठेवावा?

फर्स्ट बेसवरची रनर पिचरच्या हातून बॉल सुटताक्षणी सेकंड बेसकडे निघते. बॅटर बॉल सोडते, कॅचर तो उचलून सेकंडकडे मारते. थ्रो जवळपास ८५ फुटांचा आणि रनरला कापायचे ६० फूट. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधली फील्डर) टॅग करायला, म्हणजे रनर बेसला लागायच्या आत बॉल असलेला ग्लोव्ह तिला लावायला, धावत बेसवर पोचते आणि तिथे प्रश्न येतो: पाय कुठे ठेवायचे? बेसच्या दोन बाजूंना दोन पाय टाकून, बेस मध्ये घेऊन उभं राहायचं, की बेसच्या पुढे, होम प्लेटच्या (बॅटर असते तिथल्या) बाजूला उभं राहून बेस टाचेमागे ठेवायचा? पहिल्या प्रकाराला आमच्या मुली ‘घोडा’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.

मी स्वतः कॉलेजात असताना घोडाच करायचो. रत्नागिरीजवळ सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका शाळेतल्या मुलींना शिकवायला लागलो तेव्हा त्यांनाही तोच दिला. तीन हंगाम दिला, मग बदलला. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात थोडा पश्चात्ताप मिसळलेला आहे, तेवढं धरून वाचा.

घोड्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरीच भक्कम आहे. ग्लोव्ह बेसच्या बरोबर वर असतो. बॉल आला की तो सरळ खाली आणायचा, बेसच्या पुढच्या कडेला टेकवायचा आणि रनरचा पाय त्यात येऊ द्यायचा. हात फिरवावा लागत नाही, टॅगचा रस्ता वीतभर. रनरला बेसची पुढची कड मोकळी दिसते, म्हणून ऑब्स्ट्रक्शनची (वाट अडवल्याची) ओरडही सहसा होत नाही. नव्या मुलीला हे दहा मिनिटांत कळतं. आउटफिल्डमधून, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानातून, थ्रो येणार असेल तर आजही मी घोड्याच्याच बाजूने आहे, कारण तिथे बॉल पाठीमागून येतो आणि वळायला जागा लागते.

पुढे उभं राहण्याला सराव जास्त लागतो. होमकडे तोंड करून उभं राहिलं की फर्स्टकडून येणारी रनर डाव्या हाताला असते. उजव्या हाताने थ्रो करणाऱ्या मुलीचा ग्लोव्ह डाव्याच हातात असल्यामुळे तो रनरच्याच बाजूला येतो, ही सोय. बॉल घेऊन डावीकडे मागे, खाली असा ग्लोव्ह झाडूसारखा फिरवायचा. वेळ किंचित जास्त जातो, हे नाकारत नाही. पण वाकडा थ्रो आला तर तुम्ही मोकळ्या असता. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की आमच्याकडे लांबचे थ्रो हटकून बाजूला सरकतात. घोड्यावरची मुलगी बेस सोडायला तयार नसते, ती नुसता हात लांब करते आणि बॉल बोटांना लागून सेंटरफिल्डला जातो. पुढे उभी असलेली मुलगी दोन पावलं टाकून बॉलला भेटते आणि परत येते.

तरीही एवढ्यावरून मी पद्धत बदलली नसती. बदलली ती बेसमुळे. म्हणजे त्या कॅनव्हासच्या पिशवीमुळे.

सड्यावरचं मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वर दोन बोटं तांबडी माती, खाली जांभ्याचा कातळ. खुंटी आत जात नाही, हातोडीने मारली तर वाकते. मग बेस नुसता ठेवायचा. सप्टेंबरात तो ओला आणि जड असतो म्हणून कसाबसा जागेवर राहतो. पाऊस गेला, माती सुकून भुकटी झाली, की त्याच्याखाली जणू बॉलबेअरिंगच येतं. रनर स्लाइड करून (घसरत) आली की बेस तिच्यासकट पुढे जातो. आणि घोडा करणारीचे दोन पाय त्याच्या दोन बाजूंना! एका सामन्यात आमच्या मुलीने ग्लोव्ह अगदी शिकवल्याप्रमाणे टेकवला, पण ज्या जागी टेकवला तिथे बेस नव्हताच. तो हातभर पुढे गेला होता, जाताना तिच्या डाव्या घोट्यावर आदळून. रनर सेफ. वर मी पंचांशी वाद घालायला गेलो, तोही चुकीचा: रनरने बेसला पाय लावल्यावर तो तिच्याच धक्क्याने सरकला, तर बेस तिच्याबरोबर गेला असंच मानतात, तिला त्यासाठी आउट देत नाहीत. मुलगी पंधरा दिवस लंगडत होती.

पुढे उभं राहिलं की बेस तुमच्या पायांतून जात नाही, तुमच्या मागून जातो. त्याहून मोठा फरक नजरेचा आहे. घोड्यावर मुलगी जागेवर टॅग करायला शिकते, पुढून करताना रनरच्या पायावर. बेस सरकला तरी पाय तर दिसतोच.

खो-खो खेळलेल्या मुलींना पुढून टॅग लवकर जमतो असं मला वाटतं, कारण शिवून निसटणं त्यांच्या अंगातच असतं. आट्यापाट्या खेळलेल्यांना मात्र आधी सांगावं लागतं की पाटी अडवायची नाही. बॉल हातात नसताना वाट अडवली तर ऑब्स्ट्रक्शन, आणि बॉल नसताना टॅगचं खोटं सोंग केलं तरीही. १४ वर्षांखालच्या मुलींबाबत आणखी एक: १२ इंच घेराचा बॉल त्यांच्या हातात मावत नाही, म्हणून घाईत बॉल उजव्या हातात राहतो आणि रिकामा ग्लोव्हच रनरला लागतो. हे दोन्ही पद्धतींत होतं, मी फक्त ओरडतो.

तुमचं मैदान भाताच्या मळ्यात असेल, कापणीनंतरच्या मऊ मातीत खुंट्या पक्क्या बसत असतील, किंवा शहरात बेस जमिनीत रोवलेले असतील, तर माझी तक्रार निम्म्याहून जास्त गळून पडते. तिथे घोडा शिकवलात तर मी हरकत घेणार नाही. मात्र आमच्यासारखं सड्यावर खेळत असाल तर आधी एकदा बेसला पायाने ढकलून बघा.

आमच्याकडे थर्डला एक मुलगी अजून घोडाच करते. त्या कोपऱ्यात काजूच्या बांधामुळे माती खोल आहे, खुंटी बसते. तिला मी पद्धत बदलायला सांगितलेलं नाही, कारण गेल्या हंगामात टॅगचे सगळ्यात जास्त आउट तिचेच होते.