गंजगोलाईतले टेलर मामा: दोन पॅन्टी, तीन शर्ट आणि एक बंडी

लातुरात कुणाला कपडे शिवून घ्यायचे असतील तर माझा अनुभव वाचा. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा का कापला तेही पुढं लिहिलंय.

मी नौदलात अग्निवीर आहे. गाव औसा तालुक्यात. ओडिशातल्या चिल्क्याला ट्रेनिंग झालं. मार्च २०२३ मध्ये अग्निवीरांची पहिली बॅच पास झाली, त्यात मी होतो. मग जहाज मिळालं. जहाजाचं नाव आणि आमचं काम इथं लिहिणार नाही, पेपरात छापून आलंय तेवढंच सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही युरोपच्या दौऱ्यावर होतो. हॅम्बर्ग, सेंट पीटर्सबर्ग, लंडन, मालागा आणि शेवटी फ्रान्समधलं तुलाँ. त्यानंतर भूमध्य समुद्रात फ्रेंच नौदलाबरोबर 'वरुण' सराव. या सगळ्या दौऱ्यात जहाजाबाहेर पाय ठेवला तो मामांनी शिवलेल्या कपड्यांतच.

नवीन कपडे शिवायची गरज का पडली ते सांगतो. युद्धनौकेवर आपल्या वाट्याला येणारं लॉकर आमच्या घरातल्या देवळीपेक्षा थोडंच मोठं असतं. युनिफॉर्म, बूट, दाढीचं सामान यातच ते भरतं. साधे कपडे मावतात ते दोन पॅन्टी आणि तीन शर्ट, बास. परदेशी बंदरात लिबर्टी मिळाली, म्हणजे बाहेर फिरायला सोडलं, की आधी गँगवेजवळ, म्हणजे जहाजातून उतरायच्या शिडीपाशी, ओळीत उभं करून बघतात. कॉलरचा शर्ट, इन केलेला, पॅन्टीला इस्त्री, बुटाला पॉलिश. हे मला पटतं. तिथं रस्त्यावर आपल्याला नावानं कुणी ओळखत नाही, भारताच्या जहाजावरचा पोरगा म्हणूनच बघतात.

त्याआधी मी मुंबईत एका मोठ्या शोरूममधून बावीसशेची पॅन्ट घेतली होती. महिनाभरात लोकलमध्ये चढताना ती मागून उसवली. परत घेऊन गेलो तर, ‘घातल्यावर आम्ही जबाबदार नाही,’ एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या वर्षाला आम्हाला हातात २३,१०० रुपये येतात आणि त्यातले मी घरी पाठवतो. बावीसशे रुपये असे गेले की जिवाला लागतं.

मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा अप्पा म्हणाले, "रेडिमेड कायला घेतोस? गोलाईत जा." म्हणजे गंजगोलाई, लातूरची मधली गोल बाजारपेठ. अप्पांच्या लग्नातला सफारी त्याच दुकानात शिवलेला. तो अजून ट्रंकेत आहे आणि त्याची एकही शिवण गेलेली नाही.

दुकान सापडायला मला अर्धा तास लागला. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या कापड दुकानांच्या रस्त्यामागं एक बोळ आहे. दुकानाला नाव नाही, पाटी नाही. एक लाकडी जिना चढून वर गेलं की दोन मशीन, एक टेबल आणि ढिगानं नवरदेवांचे कपडे. लग्नसराई ऐन भरात होती. मामांनी मान वर न करता सांगितलं, "पंधरा जूनच्या आत हात लावायलो नाही." मी म्हणालो, मामा, मला जूनच्या पहिल्याच आठवड्यात हजर व्हायचंय, बोटीवर. तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. "बोटीवर? कुठं चाललाव?" मी सांगितलं. "मग शर्ट-पॅन्ट घालून तिथं काय करायलाव? चालायचं, बसायचं, का चढायचं?"

कपडे कशासाठी हवेत हे मला याआधी कुठल्याच दुकानात कुणी विचारलं नव्हतं.

मी त्यांना जहाजातले जिने सांगितले. उभे, लोखंडी, उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो. दरवाजाचा उंबरा गुडघ्याला येतो, तो ओलांडताना पाय उंच उचलावा लागतो. मामा मला दुकानाच्या लाकडी जिन्यापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, चढून दाखव. मी चढलो, उतरलो, वाकलो, उकिडवा बसलो, हात वर केले. प्रत्येक वेळी त्यांची टेप माझ्या अंगावर होती. उभं राहून घेतलेलं माप आणि पाय उचलून घेतलेलं माप यात पावणेदोन इंचांचा फरक निघाला. तो त्यांनी वहीत लिहिला नाही, टेबलावरच खडूनं मांडला. "ढील पाहिजे. दोर ताणून बांधला तर तुटतो, शिवण काय वेगळी आहे?" हे त्यांचं वाक्य मी पुढं समुद्रात कितीदा आठवलं असेल.

कापडही त्यांनीच निवडून दिलं. मला सुती पाहिजे होतं. ते म्हणाले, सुती चुरगळतं, वाळायला वेळ घेतं, टेरिकॉट घे. जहाजावर गोडं पाणी जपून वापरावं लागतं हे मी सांगितलं तर ते नुसतेच हसले. लातूरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो. एका बादलीत अंघोळ आणि कपडे दोन्ही कसं करायचं हे आईनं तेव्हाच शिकवलंय, आणि जहाजावर मला त्याचा काहीच त्रास झाला नाही. हे कापड अर्ध्या बादलीत निघतं आणि रात्रीतून वाळतं.

शिलाई अशी: पॅन्ट ४५०, शर्ट ३५०, कापड वेगळं. मोठ्या शोरूमच्या एका पॅन्टीच्या पैशात माझ्या दोन पॅन्टी आणि तीन शर्टांची शिलाई निघाली. आठ दिवसांत दिले, तेही लग्नाची कामं रात्री जागून करत.

आता बंडीबद्दल. ती मी मागितलीच नव्हती. कपडे घ्यायला गेलो तेव्हा वर एक मांजरपाटाची बंडी ठेवलेली. मामा म्हणाले, "तुळजापूरला नवरात्रात जाताना पैसे कुठं ठेवतात? अंगाला लागून. तू तर परमुलखात चाललाव." बंडीला डाव्या काखेखाली चोरखिसा. तोंड वर नाही, आडवं; त्यावर झाकण, झाकणाला एक चपटं बटण आणि काज हातानं केलेलं. काजाचे टाके इतके जवळजवळ की नखानं ओढले तरी दोरा सुटत नाही. खिशाच्या आत मेणकापडाचं अस्तर, घामानं नोट भिजू नये म्हणून. शर्टाचं एक बटण काढलं की दोन बोटं बरोबर तिथं पोचतात. याचे १५० घेतले.

एका शहरात (नाव सांगत नाही, गर्दीच्या कुठल्याही गावात हे होतं) ट्राममध्ये आमच्यातल्या एकाचं पाकीट गेलं. महिनाभर साठवलेले युरो होते त्यात. आईसाठी घड्याळ घ्यायचं होतं त्याला. परत येताना तो गँगवेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी त्याच ट्राममध्ये त्याच्या शेजारी उभा होतो. माझे पैसे आणि आयकार्ड काखेत होते. त्या रात्री मी दुसरी बंडी त्याच्यासाठी मागवायचं ठरवलं, आणि आल्यावर मागवलीही.

हॅम्बर्गला जुलैत पाऊस लागला. आम्ही एल्ब नदीखालच्या जुन्या बोगद्यात गेलो. तो १९११ चा आहे, पायी जायला पैसे पडत नाहीत. नदीच्या पातळीखाली चोवीस मीटर उतरायचं आणि सव्वाचारशे मीटर चालत पलीकडच्या काठाला निघायचं. भिंतींना पांढऱ्या फरशा, मधेमधे मासे आणि खेकडे कोरलेले. डोक्यावर जहाजं चाललीत आणि आपण खालून चाललोय. आमच्या मांजरेचं पात्र उन्हाळ्यात मी कोरड्या पायांनी ओलांडलंय. भरलेल्या नदीच्या खालून कोरड्या पायांनी जाणं तिथंच घडलं. जिने आम्ही लिफ्ट सोडून पायीच चढलो. पॅन्ट गुडघ्यात धरली नाही, मागं ओढली नाही. भिजलेली होती तरी.

तुलाँला २९ ऑगस्टला पोचलो. फ्रेंच नौदलाचं ते सगळ्यात मोठं बंदर. गावामागं मों फारों नावाचा ५८४ मीटरचा डोंगर, त्यावर रोपवे जातो. वरून आमचं जहाज काडेपेटीएवढं दिसत होतं. मला मात्र डोंगरापेक्षा बाजार जास्त आठवतो. शनिवार होता. कूर लाफायेत नावाच्या रस्त्यावर भाजी, फळं, मासे, ऑलिव्ह यांचा बाजार भरतो, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा, ओरडून भाव सांगणाऱ्या बाया-माणसांसकट. तिथं एक बाई मोठ्या गोल तव्यातून काहीतरी पिवळं कापून कागदात देत होती. त्याला 'काद' म्हणतात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. भट्टीत भाजून वर मिरपूड. पहिला घास घेतला आणि मी तिथंच थांबलो. वरून करपलेलं, आतून मऊ, आईच्या धिरड्याची चव, फक्त लसूण आणि हिरवी मिरची नाही. लातूरला हरभऱ्याचे ढीग बघत मोठा झालोय मी. इतक्या लांब, बोली कळत नाही अशा माणसांच्या बाजारात हरभऱ्याचं पीठ भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. दोन तुकडे खाल्ले, तिसरा जहाजावर ड्यूटीला राहिलेल्या दोस्तासाठी कागदात बांधून घेतला.

त्याच आठवड्यात पॅन्ट कमरेत आवळायला लागली होती. तीन महिने पाव खाऊन होणारच. जहाजावर बसून मी कमरेची शिवण ब्लेडनं उघडली तर आत मामांनी दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली. आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला निळ्या पेननं लिहिलेलं: 'बोटवाला, १७.' सतरा हा वहीतला नंबर असणार. इतक्या धुण्यांनंतरही अक्षर तसंच होतं. त्यांनी पॅन्टीच्या खिशात घडी करून दिलेला सुई-दोरा होताच. एक इंच सोडून मी पुन्हा शिवली. माझे टाके त्यांच्यासारखे सरळ आले नाहीत, पण टिकले.

सोमवारी, २ सप्टेंबरला, सराव सुरू झाला. भारत आणि फ्रान्सच्या नौदलांचा हा सराव १९९३ पासून चालतो, 'वरुण' हे नाव त्याला २००१ मध्ये मिळालं. या वेळी समुद्रावर टेहळणी करणारं आपलं पी-८आय विमानही त्यासाठी युरोपात पहिल्यांदाच आलं होतं, ते डोक्यावरून गेलं तेव्हा डेकवरची सगळी पोरं वर बघत होती. तीन दिवस झोप तुकड्या-तुकड्यांनी झाली. दोन जहाजं शेजारी-शेजारी, एकाच वेगानं, दोरानं जोडून धावतात तेव्हा मधलं पाणी उसळतं आणि दोर हातात जिवंत असल्यासारखा ओढ घेतो. किती ढील द्यायची आणि कधी ओढायचं हे तळव्याला कळावं लागतं. आमचे सीनियर ओरडून तेच सांगत होते आणि मला लाकडी जिन्यापाशी टेप धरून उभे असलेले मामा दिसत होते.

आता अर्धा गुण. एका पॅन्टीची चेन दीड महिन्यात खारट हवेनं धरली. दात हिरवट झाले आणि ओढणी अडकायला लागली. मेणबत्ती घासून मी दौरा काढला. चेन कुठली घालायची हे मामांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं, पण कारागीर ते आहेत, मी नाही. समुद्रावर किंवा कोकणात राहणारे असाल तर आधीच प्लास्टिकची चेन सांगा. दिवाळीला गेलो तेव्हा मामांनी ती बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि ‘चुकलं माझं’ असं सरळ म्हणाले. मुंबईच्या शोरूमकडून मला हे दोन शब्दच हवे होते.

हॅम्बर्गहून मी त्यांच्यासाठी झोलिंगेनची कात्री आणली होती. झोलिंगेन हे सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेलं जर्मन गाव. त्यांच्या हातात आयुष्यभर मेरठची. त्यांनी एका चिंधीवर चालवून बघितली, वजन तोललं, म्हणाले, कोटाच्या कापडाला चालंल. शर्टाला मेरठच.

जाणार असाल तर: लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी महिनाभर जाऊ नका, किंवा मग निदान वीस दिवस हातात ठेवा. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. फोनवर ऑर्डर घेत नाहीत, माप द्यायला स्वतः जावं लागतं. फॅशनचं, अंगाला घट्ट चिकटणारं काही पाहिजे असेल तर ते शिवत नाहीत, सरळ नाही म्हणतात. कापड वरच्या रस्त्यावरून घ्या पण आधी त्यांना विचारून घ्या. आणि बंडी मागून घ्या, आता २०० झालीय.