भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी पदविका: खुणा पक्क्या, मराठी आवाज कच्चा

भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी घडवणारा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातला ‘डिस्ली’, मी पूर्ण केला असून, या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. बोललेले खुणांमधून कर्णबधिर व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याची तयारी हा अभ्यासक्रम उत्तम करून घेतो. मात्र तिच्या खुणा पाहून ते मराठीत बोलण्याची तयारी बरीचशी विद्यार्थ्यावरच सोडली जाते, आणि महाराष्ट्रातल्या दवाखान्यात, पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात तर तीच पदोपदी लागते. मी जिथे शिकले त्या संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इतर संस्थांत शिकलेल्यांशी बोलल्यावर ही उणीव एकाच ठिकाणची नसल्याचे माझ्या लक्षात आले.

प्रवेश घेणाऱ्याने सर्वप्रथम हे समजून घ्यावे की ही पदविका आहे, पदवी नव्हे. एडिंबरा येथील हेरियट-वॉट विद्यापीठात ब्रिटिश सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांसाठी चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात या विषयात पदवीपासून पुढचे शिक्षण मिळते. आपल्याकडे मात्र या व्यवसायाचा मुख्य रस्ता अजून पदविकेवरूनच जातो. अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असते आणि उत्तीर्ण झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवता येते. दिल्लीत २८ सप्टेंबर २०१५ रोजी स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र हे या विषयातले देशातले प्रमुख ठिकाण. ज्या नोकरीसाठी पदवी आवश्यक आहे तिथे ही पदविका पुरणार नाही, त्यामुळे बारावीनंतर थेट येणाऱ्यांनी मुक्त विद्यापीठातून पदवीचे शिक्षण सोबत चालू ठेवता येते का, हे अवश्य पाहावे.

अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे भाषा शिकवणारे शिक्षक स्वतः कर्णबधिर असतात. वर्गात पहिल्या दिवसापासून आवाज बंद. शेजारच्या मैत्रिणीला कुजबुजत अर्थ विचारण्याची सोय संपल्यामुळे डोळे आपोआप कामाला लागतात, आणि शब्दाला खूण चिकटवत जाण्याची नवशिक्याची सवय काही आठवड्यांत मोडते. ‘तू कुठे जातोस’ हे मराठीच्या क्रमाने हातांवर मांडले की आमच्या शिक्षिका नुसत्या पाहत राहत. ‘तू, जाणे’ या खुणांनंतर ‘कुठे’ शेवटी आले आणि भुवया व मान यांनी प्रश्न विचारला, की मगच उत्तर मिळे. डॉक्टरांचे ‘दोन दिवसांत ताप उतरला नाही तर परत या’ हे साधे वाक्य आमच्याकडून त्यांनी कितीतरी वेळा करून घेतले. हात बिनचूक असूनही भुवया सपाट राहिल्या, तर त्यातली अट हरवते आणि रुग्णाला ‘ताप उतरणार नाही, परत या’ एवढेच कळते. चेहरा हा या भाषेत व्याकरणाचा भाग आहे, ही गोष्ट पुस्तकातून पटत नाही. ती अशा वर्गातच अंगवळणी पडते.

शब्दसंग्रहासाठी केंद्राचा शब्दकोश हाताशी असतो. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला हा कोश फेब्रुवारी २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला, आणि कायदा, वैद्यक, शेती अशा क्षेत्रांतील संज्ञांसाठी तो फारच उपयुक्त आहे. मात्र एकाच अर्थाच्या खुणा शहरागणिक बदलतात, आणि जुन्या शाळांतून शिकलेली ज्येष्ठ मंडळी कोशातली खूण पाहून अनेकदा स्वतःची वेगळी खूण दाखवतात. परीक्षेत कोशातली खूण आणि कामावर समोरच्या माणसाची खूण, हा व्यवहार पहिल्या वर्षीच मान्य केलेला बरा.

आता उणिवेकडे येते. आमच्या वर्गाचे माध्यम हिंदी आणि इंग्रजी होते, त्यामुळे खुणांना आवाज देण्याचा सरावही त्याच दोन भाषांत झाला. मराठीत आवाज देताना निराळेच प्रश्न उभे राहतात. दुभाषी ‘ते म्हणतात की’ असे म्हणत नाही. कर्णबधिर व्यक्तीच्या जागी उभे राहून तो ‘मी’नेच बोलतो. म्हणजे समोर पन्नाशीचे गृहस्थ असतील तर मला, बाई असूनही, ‘मी काल आलो होतो, साहेब भेटले नाहीत’ असे न अडखळता म्हणता आले पाहिजे. खुणांमध्ये क्रियापदाला लिंग नसते आणि समोरच्याकडे केलेल्या एका निर्देशात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ हे तिन्ही सामावलेले असतात. त्यांतले कोणते निवडायचे हे दुभाष्याला क्षणात ठरवावे लागते. तलाठ्याला चुकून ‘तू’ म्हटले गेले, तर उद्धट ठरतो तो अर्जदार, दुभाषी नव्हे. ‘आम्ही’ की ‘आपण’ हा पेचही तसाच. हिंदीत केवळ ‘हम’ म्हणून वेळ निभावते, तर मराठीत ऐकणाऱ्याला त्यात धरले आहे की वगळले आहे हे बोलताक्षणी उघड करावे लागते. यांतल्या कशाचाही सराव वर्गात झाला नाही. कारणही समजण्यासारखे आहे: कर्णबधिर शिक्षकांना आमचा आवाज तपासता येत नाही, आणि ऐकू येणारे, उत्तम मराठी जाणणारे अनुभवी दुभाषी शिकवायला मिळणे कठीण असते. कारण समजते म्हणून उणीव भरून निघत नाही.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव मला संमिश्र वाटला. एका सरकारी शिबिरात आम्हा दोघी विद्यार्थिनींना खिडकीकडे पाठ करून उभे केले होते, त्यामुळे प्रेक्षकांना आमच्या हातांच्या जागी नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. जागा बदलण्याची विनंती करावी हे ठाऊक असूनही विद्यार्थ्याचे धाडस होत नाही, आणि सोबत यायचे ते मार्गदर्शक आलेच नव्हते. याउलट आलटून पालटून काम करण्याची शिस्त मात्र उत्तम शिकवली गेली. साधारण वीस मिनिटांनी थकवा येऊन अचूकता घसरते, म्हणून दुसरा दुभाषी सूत्र हाती घेतो आणि पहिला बाजूला बसून निसटलेले आकडे व नावे पुरवतो. गोपनीयता, तटस्थता, न जमणारे काम नाकारणे हे विषयही तोंडी लावण्यापुरते नव्हते, त्यांवर भरपूर चर्चा झाल्या.

कामाची गरज मोठी आहे, यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेला स्थान दिले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात सहभागी झाल्या. पैशाच्या बाबतीत मात्र सुरुवातीला कार्यक्रमागणिक मानधनावर राहावे लागण्याची तयारी ठेवावी.

अभ्यासक्रमाची शिफारस मी करते, पण प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन दोन प्रश्न विचारावेत: खुणांवरून मराठीत आवाज देण्याचा सराव वेळापत्रकात आहे का, आणि तो तपासणारी व्यक्ती कोण. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर जवळच्या कर्णबधिर संघटनेच्या बैठकींना नियमित जाऊन, तिथल्या मंडळींच्या परवानगीने त्यांच्या गप्पांची चित्रफीत करावी, तिच्यावर मराठीत आवाज द्यावा आणि तो मराठी उत्तम जाणणाऱ्या एखाद्या कार्यरत दुभाष्याकडून तपासून घ्यावा. मी हे दुसऱ्या वर्षी सुरू केले. पहिल्या सत्रापासून करणे अधिक श्रेयस्कर.