टेक्निकल पुस्तकं: ईपब घ्यायचं की पीडीएफ?

ईपब आणि पीडीएफ हे ई-बुकचे दोन फॉरमॅट. कादंबरी असेल तर प्रश्नच नाही, सरळ ईपब घ्या. पण प्रोग्रॅमिंग, गणित असलं काही वाचायचं असेल तर जरा थांबा.

ईपब म्हणजे आतून झिप केलेली एचटीएमएल (वेबसाइटसारखी) पानंच, त्यामुळे अक्षर मोठं केलं की मजकूर स्क्रीनप्रमाणे परत मांडला जातो आणि ६ इंची ई-इंक रीडरवर (कागदासारखी दिसणारी स्क्रीन) तासन् तास वाचलं तरी डोळे फारसे शिणत नाहीत. गोची होते ती कोडमध्ये. लांब ओळ मधेच तुटून खाली येते, आणि पायथॉनचं पुस्तक असेल (त्यात ओळीआधीच्या मोकळ्या जागेवरूनच ब्लॉक, म्हणजे ओळींचा गट, ठरतो) तर कुठली ओळ कुठल्या ब्लॉकमध्ये आहे तेच कळेनासं होतं, मी एकदा एक लूप तीनदा वाचला तेव्हा कुठे लक्षात आलं. समीकरणं इमेज म्हणून टाकलेली असली तर अक्षर वाढवलं तरी ती बारीकच राहू शकतात.

पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं राहतं, टेबल, आकृत्या, पान नंबर सगळं जागच्या जागी. पण ए४ पानाचा कर्ण १४ इंचांच्या वर, ते ६ इंचात कोंबलं की १० पॉइंटचं अक्षर जेमतेम ४ पॉइंटचं दिसतं. त्याला १० इंचाच्या पुढचाच टॅबलेट हवा, रंगीत ग्राफ असतील तर नक्कीच.

मी तरी कोड आणि गणितासाठी टॅबलेटवर पीडीएफच उघडतो. सलग वर्णनाची पुस्तकं असतील, म्हणजे सॉफ्टवेअर डिझाइन, आर्किटेक्चर वगैरे, तर मात्र ई-इंकवर ईपब. दोन्ही फॉरमॅट एकत्र मिळत असतील तर दोन्ही उतरवून ठेवा.