शेकडेवारी: शंभर धरायचे की अपूर्णांक?

बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी आमच्या डिचोलीतली मुलं हमखास अडतात ती शेकडेवारीत. समजा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काजूगर २५ टक्क्यांनी महागले. खर्च तेवढाच ठेवायचा, तर खरेदी किती टक्क्यांनी घटवावी? घाईत मुलं २५ लिहून मोकळी होतात, आणि तिथंच गुण जातो.

पहिली रीत: जुना भाव १०० धरा, नवा १२५. २५ भागिले १२५, म्हणजे २० टक्के. दुसरी: २५ टक्के म्हणजे १/४. छेदात अंश मिळवा, १/५. उत्तर तेच.

इथं दोन्ही सारख्याच सोप्या. पण वाढ १६ २/३ टक्के असली, की पहिल्या रीतीत ११६ २/३ ने भागत बसावं लागतं. दुसरीत १६ २/३ टक्के म्हणजे १/६, त्याचा १/७ झाला, काम झालं! आयबीपीएस या बँकभरती संस्थेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) पूर्वपरीक्षेत ३५ गणितांना २० मिनिटं मिळतात, कॅल्क्युलेटर नाही. म्हणून १/२ ते १/१२ चे टक्के तोंडपाठ हवेतच.

१७ किंवा २३ टक्के आले तर मात्र मुकाट्यानं शंभर धरावेत. नवशिक्यांना मी आधी तेच शिकवते. टक्के कशाचे, हे त्यात डोळ्यांना दिसतं.